ग्रॅनी टाक्याचा पहिला स्कार्फ आणि पहिला काऊल: लोकर निवडण्यापासून शेवटचा टोक लपवेपर्यंत

माझी भाची शिकायला जर्मनीला निघाली तेव्हा तिच्यासाठी मी स्कार्फ विणायला घेतला. क्रोशा मला लहानपणापासून येत होता. रुखवतात मांडायचे रुमाल, दारावरचं तोरण, दुधाच्या भांड्यावर टाकायची मण्यांची जाळी, हे सगळं आईने शिकवलं होतं. पण ते काम पांढऱ्या दोऱ्याचं आणि बारीक सुईचं. जाड लोकर आणि जाड सुई मी तेव्हा पहिल्यांदा हातात धरली. दीड महिन्याने स्कार्फ पुरा झाला. भाचीने गळ्यात घातला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आत्या, हा एका टोकाला निमुळता झालाय गं." टेप लावली तर सुरुवातीची रुंदी २० सेंटिमीटर आणि शेवटची १४.

रात्री तो पलंगावर पसरून मी मोजत बसले. सुरुवातीला १० झुपके होते, शेवटी ७. मधल्या १४० ओळींत तीन वेळा काठाचा एक खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, विसरला होता, तेवढंच. पुन्हा विणायला वेळ नव्हता, भाची तोच घेऊन गेली. दुसरा मी पुढच्या हिवाळ्यात पाठवला आणि त्यानंतर बरेच विणले. क्रोशात अगदी नवे असाल किंवा दोऱ्याकडून लोकरीकडे येत असाल, तर माझा तो दीड महिना तुमचा वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. आधी ग्रॅनी टाका म्हणजे काय ते समजून घ्या

ग्रॅनी म्हणजे आजी. रंगीत चौकोन जोडून केलेली पांघरुणं तुम्ही पाहिली असतील, त्या चौकोनाला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात. अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात १८८५ साली अशा चौकोनाची कृती छापून आली होती आणि ती सर्वात जुन्या छापील कृतींमध्ये गणली जाते. उरलीसुरली लोकर कामी लावायची हा त्यामागचा विचार. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या त्यातही हाच विचार होता, त्यामुळे मला हा टाका कधी परका वाटला नाही.

याची रचना अगदी सोपी आहे. तीन खांब एकाच जागी घालायचे, त्यांचा एक झुपका होतो. मी त्याला तिकडी म्हणते आणि पुढे हाच शब्द वापरणार आहे. दोन तिकड्यांच्या मध्ये फट राहते. पुढच्या ओळीतली तिकडी त्या फटीत बसते. विटांची भिंत बघा, खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट येते, तसंच.

यातली मोठी सोय अशी की सुई टाक्याच्या डोक्यात घालावी लागत नाही, सरळ फटीत जाते. फट डोळ्यांना दिसते, बोटांना लागते. म्हणून नवशिक्यांसाठी मी हाच टाका सुचवते. आणि मोजायचं तेही तिकड्यांमध्ये. तीस-एकतीस टाके मोजताना माणूस चुकतो, दहा तिकड्या मोजताना चुकत नाही.

चौकोनात कोपरे येतात. स्कार्फला आणि काऊलला कोपरे लागत नाहीत. स्कार्फमध्ये आपण सरळ ओळी विणत जातो, काऊलमध्ये गोल. काऊल म्हणजे दोन्ही टोकं जोडलेला, डोक्यातून घालायचा गळपट्टा. स्कूटरवर जाणाऱ्यांना तो फार आवडतो, कारण त्याची टोकं उडत नाहीत आणि चाकात अडकायची भीती नाही.

२. सामान जमवा

- लोकर: स्कार्फसाठी २०० ते २५० ग्रॅम, एकपदरी काऊलसाठी १०० ते १५० ग्रॅम
- क्रोशाची सुई: ५ मिलिमीटर, आणि जमल्यास एक ५.५ मिलिमीटरची
- मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची शिवणाची सुई
- कात्री, मोजायची टेप
- चार-पाच सेफ्टी पिना (खुणेसाठी, महागड्या खुणा घ्यायची गरज नाही)
- वही आणि पेन

वही खरंच ठेवा. कुठली लोकर, कुठली सुई, किती साखळ्या घातल्या हे लिहून ठेवलं नाही तर सहा महिन्यांनी तसाच दुसरा करायला घेताना काहीच आठवत नाही.

३. लोकर निवडताना

आपल्याकडे दुकानात 'लोकर द्या' म्हटलं की बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक मिळतं. म्हणजे ते मेंढीचं नव्हे, कृत्रिम धाग्याचं असतं. ते वाईट नाही. स्वस्त असतं, रंग भरपूर मिळतात, घरी धुता येतं, आणि नाशिक-निफाडच्या थंडीला पुरतं. पहिला स्कार्फ अ‍ॅक्रिलिकचाच करा, कारण उसवाउसवी होणार. पण बर्फ पडतो अशा ठिकाणी कोणाला पाठवायचा असेल तर खऱ्या लोकरीचा किंवा निदान मिश्रणाचा गुंडा घ्या. खरी लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते.

लेबलवर काहीच लिहिलेलं नसेल आणि शंका असेल तर घरी आणून बोटभर तुकडा चिमट्यात धरून, सिंकवर, काळजीपूर्वक पेटवून बघा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर ती खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. खरी लोकर टोचते का हे बघायला ती मनगटावर घासू नका, मानेला लावा. मानेची कातडी जास्त नाजूक असते आणि स्कार्फ तिथेच बसणार आहे.

जाडीबद्दल: पाकिटावर ४ प्लाय, ८ प्लाय, १० प्लाय असं लिहिलेलं असतं. पहिल्या कामाला ८ प्लाय घ्या. ४ प्लाय बारीक पडते, काम पुढे सरकत नाही आणि कंटाळा येतो. फार जाड घेतली तर स्कार्फ पायपुसण्यासारखा ताठ होतो.

रंग फिकट किंवा मध्यम घ्या. काळी, गडद निळी लोकर रात्रीच्या उजेडात अजिबात दिसत नाही. केसाळ, मोहेरसारखी लोकरही पहिल्यांदा नको. तिचे केस एकमेकांत अडकतात आणि चुकलं तर उसवता येत नाही.

आणि लागेल तेवढी सगळी लोकर एकाच वेळी घ्या. प्रत्येक गुंड्यावर रंगाचा क्रमांक असतो आणि त्याखाली घाणाचा क्रमांक, म्हणजे लॉट. एका घाणात रंगवलेल्या लोकरीचा रंग दुसऱ्या घाणाशी तंतोतंत जुळेलच असं नाही. मी एकदा दोन गुंडे कमी घेतले आणि तीन आठवड्यांनी त्याच दुकानातून त्याच क्रमांकाचे आणले. ट्यूबलाइटखाली फरक दिसला नाही. सकाळी गॅलरीत नेला तर अर्धा स्कार्फ आंब्याच्या रसाचा आणि अर्धा हळदीचा. तुम्हाला तशीच लोकर जोडावी लागली तर जुनी आणि नवी लोकर काही ओळी आलटून पालटून वापरा, म्हणजे फरक मिसळून जातो.

लडी मिळाली तर आधी तिचा गुंडा करून घ्या. लडीवरून थेट विणायला बसलात तर अर्ध्या तासात गुंता होतो. गुंडा सैल गुंडाळा, ताणून गुंडाळलेली लोकर नंतर आखडते.

४. सुई आणि हात

सुई पेन्सिलीसारखी धरा किंवा सुरीसारखी, दोन्ही बरोबर. ज्यात मनगट दुखत नाही ती पद्धत तुमची. डावखुरे असाल तर खालची सगळी कृती आरशातल्यासारखी उलट दिशेने करा, आकडे तेच राहतात.

दोऱ्याचं काम केलेल्यांना मात्र एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. दोरा आपण डाव्या तर्जनीवर घट्ट ओढून धरतो, कारण रुमाल कडक, ताठ हवा असतो. तीच सवय लोकरीवर आली की टाके इतके घट्ट होतात की सुई फटीत शिरत नाही. लोकर करंगळीभोवती एकदा फिरवून तर्जनीवरून नुसती वाहू द्या. माझ्या हाताला हे जमायला आठवडा लागला. तोवर मी पाचऐवजी साडेपाचची सुई वापरली आणि काम सैल आलं.

५. चार गोष्टी हाताला बसवा

साखळी: सरगाठ मारून फास सुईवर घ्या. लोकरीचा वेढा घ्या, फासातून ओढा. झाली एक साखळी.

मुका खांब: सुई टाक्यात घाला, वेढा घेऊन बाहेर ओढा, सुईवर दोन फास येतील. पुन्हा वेढा घ्या आणि दोन्हींतून एकदम ओढा. हा बुटका टाका आहे, पाया पक्का करायला लागतो.

खांब: हाच आपला मुख्य टाका. आधी सुईवर एक वेढा घ्या. मग सुई फटीत घाला, वेढा घेऊन लोकर बाहेर ओढा. सुईवर आता तीन फास आहेत. वेढा घ्या, पहिल्या दोनांतून ओढा. दोन फास राहिले. पुन्हा वेढा घ्या, त्या दोनांतून ओढा. एक फास राहिला, खांब उभा राहिला. फटीतून लोकर बाहेर काढताना ती थोडी वर उचलून घ्या, खालच्या टाक्याच्या उंचीइतकी. तिथे घाई केली की खांब बुटका होतो आणि तिकडी दबलेली दिसते. मऊ, फुललेली तिकडी हवी असेल तर ती त्या एका हालचालीत येते.

स्लिप स्टिच: सुई टाक्यात घाला, वेढा घ्या, आणि टाक्यातून व फासातून एकदम ओढून घ्या. याला उंची नसते. काऊल जोडायला आणि फटीपर्यंत सरकायला वापरतात.

इथे एक मोठा घोळ होतो. इंग्रजी कृती वाचताना लक्षात ठेवा की अमेरिकन आणि ब्रिटिश नावं वेगळी आहेत. आपला खांब अमेरिकेत डबल क्रोशे, ब्रिटनमध्ये ट्रेबल. आणि ब्रिटनमध्ये ज्याला डबल म्हणतात तो आपला मुका खांब. कृती कुठली ते ओळखायची युक्ती: 'सिंगल क्रोशे' हा शब्द कुठेही दिसला तर ती अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल नावाचा टाकाच नाही. व्हिडिओ बघून शिकत असाल तर नावाकडे न बघता सुईवर किती फास आहेत ते बघा.

६. छोटा नमुना विणा

कोणालाच हा टप्पा नको असतो. तरीही करा. साखळ्यांचा हिशोब असा: जितक्या तिकड्या हव्यात त्याला ३ ने गुणा आणि त्यात २ मिळवा. पाच तिकड्यांचा नमुना हवा तर १७ साखळ्या. खाली स्कार्फची कृती दिली आहे, तीच या १७ साखळ्यांवर आठ ओळी विणा आणि टेबलावर न ताणता मोजा.

माझ्या हाताला ८ प्लाय आणि ५ मिलिमीटरच्या सुईने एक तिकडी साधारण २ सेंटिमीटर रुंद येते आणि एक ओळ साधारण सव्वा सेंटिमीटरच्या आत. तुमची थोडी वेगळी येईल. नमुना ताठ आला तर सुई मोठी घ्या, फारच जाळीदार आला तर लहान. मग तुमच्या तिकडीच्या रुंदीवरून ठरवा की २० सेंटिमीटरला किती तिकड्या लागतील.

७. स्कार्फ: पाया

दहा तिकड्यांचा स्कार्फ धरू. ३२ साखळ्या घाला. साखळ्या घालताना साडेपाचची सुई वापरा, नंतर पाचची. साखळी घट्ट राहिली तर स्कार्फचं ते टोक आवळल्यासारखं दिसतं आणि धुऊनही सुटत नाही.

सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, मग प्रत्येक साखळीत एक. शेवटी ३१ मुके खांब झाले पाहिजेत. मोजा. इथे एक कमी किंवा जास्त असेल तर आत्ताच उसवा, कारण पुढे तिकड्या जुळणार नाहीत.

ही मुक्या खांबांची ओळ पुष्कळजणी गाळतात आणि थेट साखळीवर तिकड्या घालतात. साखळीत तीन-तीन खांब कोंबले की ती पिळवटते. मी ही ओळ कधीच गाळत नाही.

८. स्कार्फ: दोन ओळी, बस्स

सगळा स्कार्फ दोनच ओळींचा आहे. त्या आलटून पालटून येतात.

पहिली ओळ (अर्ध्या काठाची): काम उलटा. ३ साखळ्या घाला, त्या एका खांबाच्या जागी धरायच्या. त्याच पहिल्या टाक्यात एक खांब. दोन टाके सोडा, पुढच्यात तीन खांब. दोन सोडा, पुढच्यात तीन. असं करत शेवटी दोन टाके सोडून अगदी शेवटच्या टाक्यात दोन खांब. आता दोन्ही काठांना दोन-दोन खांबांच्या जोड्या आणि मध्ये ९ तिकड्या दिसतील.

दुसरी ओळ (पूर्ण तिकड्यांची): उलटा. ३ साखळ्या. आता प्रत्येक फटीत तीन खांब. पहिली फट काठाच्या जोडीच्या आणि पहिल्या तिकडीच्या मध्ये आहे. अशा १० फटी, म्हणून १० तिकड्या. शेवटी एक खांब, खालच्या ओळीच्या सुरुवातीला ज्या ३ साखळ्या घातल्या होत्या त्यांच्या डोक्यावर.

तिसरी ओळ पुन्हा अर्ध्या काठाची: उलटा, ३ साखळ्या, काठाचा खांब आणि पहिली तिकडी यांच्यामधल्या फटीत एक खांब. मग तिकड्यांमधल्या ९ फटींत तीन-तीन खांब. शेवटच्या फटीत एक खांब आणि ३ साखळ्यांच्या डोक्यावर एक. चौथी ओळ दुसरीसारखी. १६० सेंटिमीटर होईपर्यंत हेच, साधारण १४० ओळी.

माझा पहिला स्कार्फ जिथे बिघडला ती जागा म्हणजे हे '३ साखळ्यांचं डोकं'. ओळीच्या शेवटी पोचलं की काम संपल्यासारखं वाटतं. त्या तीन साखळ्या बाजूला वाकून पडलेल्या असतात, टाक्यासारख्या दिसतच नाहीत. तिथला खांब विसरलात की काठाची फट जाते, आणि पुढच्या पूर्ण ओळीत एक तिकडी कमी होते. तेव्हा कळतही नाही. म्हणून दर ओळीच्या सुरुवातीला तिसऱ्या साखळीत सेफ्टी पिन अडकवा. परत येताना पिन हाताला लागली की तिथे शेवटचा खांब. पिन काढून पुढच्या ओळीला लावा. पहिल्या वीस ओळी तरी हे करा.

आणि दर पूर्ण ओळीला मोजा: दहा तिकड्या. नऊ-अकरा झाल्या तर तिथेच थांबा. दोन ओळी उसवायला पाच मिनिटं लागतात.

काठाशी मोठी भोकं पडत असतील तर ३ ऐवजी २ साखळ्या घालून बघा. हात सैल असणाऱ्यांना दोनच पुरतात.

काही कृतींत दोन तिकड्यांच्या मध्ये एक साखळी घालायला सांगतात. चौकोनाच्या पांघरुणात ते चालतं. स्कार्फमध्ये त्याने वारा आत येतो. उन्हाळ्यात ओढणीसारखा वापरायचा सुती स्कार्फ करत असाल तरच ती साखळी घाला.

९. रंग बदलताना

नवा रंग ओळ संपल्यावर जोडू नका. ओळीतल्या शेवटच्या खांबाचे दोन फास सुईवर उरलेले असताना जुनी लोकर सोडा आणि शेवटचा वेढा नव्या रंगाचा घेऊन ओढा. मग पुढच्या ओळीच्या साखळ्या आपोआप नव्या रंगात येतात आणि काठ स्वच्छ दिसतो.

रंग बदलला की टोकं उरतात आणि टोकं लपवणं हे या कामातलं सर्वात कंटाळवाणं काम. ते कमी करायची एक छान युक्ती आहे. तीन रंग घ्या आणि प्रत्येक रंगाची एकच ओळ करा. पहिला रंग डाव्या काठाला संपतो. दुसरा तिथून निघून उजव्या काठाला. तिसरा उजवीकडून डावीकडे. चौथ्या ओळीला तुम्ही डाव्या काठाला असता आणि पहिला रंग तिथेच तुमची वाट बघत असतो. कापायचं काहीच नाही, लोकर काठाने वर न्यायची. चार रंग घेतले तर हे जमत नाही, लोकर नेमकी दुसऱ्या टोकाला राहते. पाच घेतले तर जमतं, पण पाच गुंडे एकमेकांत गुंततात. मला तीनच बरे वाटतात. वर नेताना लोकर ओढू नका, नाहीतर काठाला चुण्या पडतात.

माझ्या आवडीचा एक मेळ सांगते: मोरपंखी, फिकट राखाडी आणि हळदीचा पिवळा. राखाडीमुळे बाकीचे दोन भांडत नाहीत.

गुंडा मध्येच संपला तर गाठ मारून पुढे जाऊ नका. ग्रॅनीत फटी असतात, गाठ फटीतून डोकावते, आणि काही दिवसांनी सुटतेही. काठाला येऊनच नवा गुंडा जोडा, दोन्हीकडे एक वीतभर टोक सोडा.

१०. काऊल: पीळ न पडता गोल

काऊलचा घेर आधी ठरवा. एकपदरी हवा तर ६० ते ६५ सेंटिमीटर, दोन वेढे घ्यायचा तर १३० ते १५०. ज्याच्यासाठी आहे त्याच्या डोक्याचा घेर टेपने मोजा. काऊल डोक्यातून जायचा आहे, गळ्याचं माप घेऊन उपयोग नाही.

३२ तिकड्यांचा काऊल साधारण ६४ सेंटिमीटर होतो. पुस्तकांत साखळी घालून लगेच गोल जोडायला सांगतात. इतकी लांब साखळी हातात पिळवटते, जोडताना तो पीळ दिसत नाही, आणि चार फेऱ्यांनंतर काऊलला कायमचा वळसा पडलेला दिसतो. तो सोडवता येत नाही, सगळं उसवावं लागतं. माझी पद्धत अशी: ९७ साखळ्या घाला, त्यावर ९६ मुके खांबांची एक सरळ ओळ विणा. आता हातात पट्टी आली. ती टेबलावर ठेवा, सगळी डोकी एका बाजूला आहेत ना ते बोट फिरवून बघा, आणि मगच पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिच घालून जोडा. खाली जी एवढीशी फट उरते ती शेवटी सुरुवातीच्या टोकाने शिवून टाका.

पहिली फेरी: ३ साखळ्या, त्याच टाक्यात दोन खांब. ही पहिली तिकडी. दोन टाके सोडून पुढच्यात तीन खांब, असं गोल. ३२ तिकड्या झाल्या की सुरुवातीच्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर स्लिप स्टिचने जोडा.

पुढच्या फेरीला बहुतेक कृतींत दोन खांबांवरून स्लिप स्टिच घालत पुढच्या फटीपर्यंत जायला सांगतात. त्याने सांधा दर फेरीला थोडा सरकतो आणि काऊलवर तिरकी रेघ उमटते. त्याऐवजी जोडल्यावर काम उलटा. शेवटच्या आणि पहिल्या तिकडीच्या मधली फट तिथेच असते. तिच्यात एक स्लिप स्टिच, मग ३ साखळ्या आणि दोन खांब. पुढे प्रत्येक फटीत तीन खांब, शेवटी जोडा, उलटा. सांधा एका रेषेत राहतो, तो मानेमागे ठेवायचा. उलटी-सुलटी बाजू ग्रॅनीत जवळपास सारखीच दिसते.

गोल विणताना काठ नसतात, म्हणून तिकड्या हरवत नाहीत. हरवली तर ती फक्त सांध्याशी, शेवटची फट विसरल्याने. २० फेऱ्यांत साधारण २५ सेंटिमीटर उंची येते, हनुवटीपर्यंत वर ओढायला पुरेशी.

गोल विणणं अजिबात जमत नसेल तर ६५ सेंटिमीटर लांबीचा स्कार्फ विणा आणि टोकं शिवून टाका. शिवण्याआधी एका टोकाला अर्धा वळसा दिलात तर काऊल गळ्याशी छान पडतो. हा वळसा मुद्दाम घेतलेला आणि एकच असला की शोभतो.

११. टोकं लपवणं

बोथट सुईत टोक ओवा. तिकडीच्या खांबांच्या पोटातून एका दिशेला तीन-चार सेंटिमीटर न्या, एक धागा सोडून त्याच वाटेने परत आणा, मग थोडं आडवं न्या. एकाच दिशेला ओढून कापलेलं टोक पहिल्या धुण्यात बाहेर येतं. फट ओलांडू नका, दिसतं. हे काम रोजच्या रोज करा. सगळं विणून झाल्यावर चाळीस टोकं एकदम समोर आली की स्कार्फ कपाटात जातो आणि तिथेच राहतो.

काठाने वर नेलेली लोकर झाकायला दोन्ही लांब बाजूंना मुक्या खांबांची एक ओळ घाला, काठाच्या प्रत्येक खांबावर दोन-दोन. स्कार्फ लाटेसारखा फुगला तर टाके जास्त झाले, आखडला तर कमी.

गोंडे लावायचे असतील तर २५ सेंटिमीटरचे तुकडे करा, तीन-तीन एकत्र दुमडून प्रत्येक फटीत अडकवा. लहान मुलांच्या स्कार्फला गोंडे लावू नका, मुलं चघळतात.

१२. धुणं आणि आकार देणं

खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात, लोकरीच्या साबणात वीस मिनिटं भिजवा. चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा, गादीवर चादर टाकून मापात पसरा, काठाला पिना लावा आणि सावलीत वाळू द्या. तिकड्या उघडतात, ओळी सरळ होतात. विणून झालेल्या आणि धुऊन पसरलेल्या स्कार्फमध्ये खूप फरक दिसतो.

अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावू नका. इस्त्रीने त्याचा धागा मरतो, म्हणजे कायमचा लुळा आणि चकचकीत होतो आणि पुन्हा फुलत नाही. धुऊन सपाट वाळवा, तेवढं बस. दोरीवर टांगून कुठलाच स्कार्फ वाळवू नका. ओल्या लोकरीचं वजन खाली ओढतं आणि २० सेंटिमीटरची रुंदी १५ वर येते.

कोणाला भेट देणार असाल तर सोबत दोन गोष्टी द्या. एक चिठ्ठी, ज्यात लोकर कुठली आणि कशी धुवायची ते लिहिलेलं असेल. आणि प्रत्येक रंगाची दोन-दोन मीटर लोकर, गोल गुंडाळून. भाचीच्या दुसऱ्या स्कार्फचा काठ बसच्या दारात अडकून फाटला तेव्हा तिने तिथे बसून, मला व्हिडिओ कॉलवर धरून, त्याच लोकरीने दोन तिकड्या पुन्हा घातल्या.